आमचं हाड थोर

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

ज्यांना बघून रिक्षावाला आधी मागच्या टायरकडं नजर टाकतो, साडीच्या दुकानातली पोरगी ज्यांना न विचारताच गडद रंगाचे गठ्ठे काढते, आणि लग्नाच्या पंगतीत ज्यांच्या ताटातली दुसरी जिलेबी अख्खा मांडव मोजतो, त्या माझ्या समस्त थोर हाडाच्या बहिणींनो!

झालं. दैनंदिनी लिहायला बसले आणि समोर सभा भरवली. निम्मं आयुष्य व्यासपीठावर काढल्यावर एकटीशी कसं बोलायचं हे विसरायला झालंय. असू दे. समोर कुणीतरी ऐकतंय असं धरल्याशिवाय माझ्या हातून खरं लिहून होत नाही.

लिहायचं कारण आजचं. सकाळच्या एसटीनं कोल्हापूरहून हुपरीला गेले. माझा धाकटा भाऊ बाळासो पाटावर बसला, तेव्हा त्याचा डावा हात मी पहिल्यांदा नीट बघितला. डायलिसिससाठी मनगटाजवळ शिरा जोडल्यात, त्या दोरखंडासारख्या फुगून वर आल्यात. रक्तदाबानं त्याची दोन्ही मूत्रपिंडं खाल्ली, कुणाला चाहूल लागू न देता. उन्हाळा संपल्यापासून तो आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला येतो, यंत्राला जोडून पडतो, आणि घरी जाऊन पुन्हा पैंजणांच्या कामाला बसतो.

ओवाळून झालं. त्यानं पाकीट पुढं केलं. मी ते मागं सारलं.

"यंदा ओवाळणी मी घालणार. माझं एक मूत्रपिंड घे. आपला रक्तगट एकच आहे, विचारून आलेय."

तो म्हणाला, "ताई, तुझं बसंल का मला? मोठ्या मापाचं असंल की."

"बसंल रं," आक्का, आमची आई, कोपऱ्यातून म्हणाली. "एकाच कुशीतलं हाय."

भावजय पूर्णिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं रक्त त्याला जुळत नाही. ती आत गेली आणि माझ्या ताटात आणखी दोन करंज्या आणून ठेवल्या. मी खाल्ल्या. त्या वेळी तिला नाही म्हणणं मला जमलं नसतं.

११ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंचं नाव अस्मिता. वय असेल पस्तिशीच्या आत. मला बघताच म्हणाल्या, "मॅडम, माझी आई तुमची भाषणं ऐकते."

"मग त्यातलं थोडं तुमच्याही कानावर पडलं असेल."

त्या हसल्या, समोरच्या कागदाकडं बघितलं आणि हसू थांबलं. उंची पाच फूट दोन. वजन ब्याण्णव. साखर काठावर.

"या वजनावर तुमचं मूत्रपिंड काढणं तुमच्याच जिवावर बेतू शकतं. उरलेल्या एकावर तुम्हाला पुढचं सगळं आयुष्य काढायचंय. चौदा किलो उतरवा. चार महिने लागतील. भाऊ तेवढे थांबू शकतील, मी बघते त्यांचं."

मी म्हटलं, "डॉक्टर, हे मांस नाही. आमच्या घराण्यात हाडच थोर आहे."

त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. हसणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला येतं. त्यांनी खणातून मोजपट्टी काढली, माझ्या मनगटाभोवती गुंडाळली आणि शांतपणे म्हणाल्या, "बांधा मोठा असला तर चारेक किलोंची सूट धरतात. तुमचा मोठा नाही. आणि मॅडम, माणसाचा अख्खा सांगाडा तोलला तरी तो दहा-बारा किलोंच्या घरात भरतो. एवढं वजन हाडावर कसं घालायचं?"

मी पर्स उचलली आणि बाहेर आले.

१२ नोव्हेंबर

"तुमचा मोठा नाही." दिवसभर तेच डोक्यात.

मला जाडी म्हणा. शाळेत म्हणत होते, स्टाफरूममध्ये म्हणत होते, सोसलंय. पण हाड मोठं नाही? मग मी इतकी वर्षं कशावर उभी आहे?

बाविसाव्या वर्षी मला पेठ वडगावचं स्थळ आलं होतं. झुंबरबाई आत्या मध्यस्थ. मी माजघराच्या दाराआड उभी. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "मुलगी अंगानं जरा जास्तच वाटती." मी पोह्यांचा ट्रे घेऊन माघारी वळले. तेवढ्यात आत्या कडाडली, "पोरगी अंगानं असंल, पर हाड थोर हाय आमचं!" सगळी बैठक गप्प झाली. इतक्या ताकदीचं वाक्य तोवर मी कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं, आणि वाचायची पुस्तकं मी बाकी ठेवली नव्हती.

स्थळ मीच नाकारलं. वाक्य ठेवून घेतलं. पहिलं भाषण त्यावर केलं आणि मग बायकांच्या किती मेळाव्यांत केलं याची गणती नाही. "काटा तुमचं मांस मोजेल, तुमचं हाड मोजायची त्याची लायकी नाही!" या ठिकाणी टाळी पडते. नेहमी पडते.

२४ नोव्हेंबर

हत्यार सापडलं! ग्रंथालयाच्या तळघरात आरोग्यशास्त्राचं एक जुनं इंग्रजी पुस्तक मिळालं. त्यात परदेशी विमा कंपनीचा तक्ता आहे. उंचीप्रमाणे वजन, आणि प्रत्येक उंचीपुढं तीन रकाने: लहान बांधा, मध्यम बांधा, मोठा बांधा. म्हणजे हाडाचा हिशेब शास्त्रानंच केलाय, आणि ही कालची पोरगी मला शिकवते! कोपर दुमडायचं, त्याच्या दोन बाजूंच्या हाडांमधलं अंतर मोजायचं, की बांधा कळतो.

झेरॉक्स घेऊन थेट हुपरी गाठली. बाळासोकडं चांदीच्या तारेची जाडी मोजायचा व्हर्नियर असतो. मी बाही वर केली.

"हात सैल सोड की ताई. भाषणाला उभी ऱ्हायल्यागत मूठ काय आवळतीस?"

त्यानं मोजलं, तक्त्यावर बोट फिरवलं. मध्यम. तेही खालच्या टोकाला.

"परत मोज."

परत तेच आलं.

"तुझा व्हर्नियर बिघडलाय."

"ह्येच्यावर चांदी चालती माझी. बिघडला असता तर सराफांनी मला कवाच लुटला असता." मग त्यानं स्वतःचं कोपर मोजून घेतलं. आणि मोठ्यानं हसला. "मायला, मी बी मध्यमच की गं! आणि मी त्या नर्सबाईला काय सांगून बसलोय!"

"कुठल्या नर्सला?"

"गल्लीत शिबिर हुतं की मागं, लय वर्सं झाली. बाई म्हणली, बीपी वाढलंय, वजन उतरवा, गोळी चालू करा. मी म्हटलं, बाई, आमचं हाडच थोर हाय. इस्वास नसंल तर आमच्या ताईचं भाषण ऐका जावा."

आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. लहानपणापासून तो असाच हजरजबाबी, माझ्या वळणावर गेलेला. पूर्णिमा चहा घेऊन आली होती. तिनं कप इतक्या जोरात ठेवला की बशीत सांडला. दमते बिचारी.

परतीच्या एसटीत उलगडा झाला. तक्ता गोऱ्यांच्या हाडांवर बेतलेला आहे! आमच्या मातीतल्या बायकांना तो कसा लागू पडावा? हा मुद्दा भाषणात घ्यायचा.

८ डिसेंबर

दुसऱ्या रुग्णालयात गेले. हे डॉक्टर वयस्कर, अदबशीर. त्यांनी चहा पाजून तेच सांगितलं. दोन डॉक्टर एकसारखं बोलतात याचा अर्थ दोघं एकच पुस्तक वाचून पास झालेत, दुसरं काय!

आमच्या महिला मंडळाची सचिव स्वप्नाली घरी आली. ऐकून भडकली. "मॅडम, बाई स्वतःचा अवयव द्यायला निघालीय आणि हे तिला काट्यावर उभं करतात? ह्यावर सभाच घ्यायची." जिजाऊ जयंतीला पेठ वडगावात घ्यायचं ठरलं. विषय: काटा कुणाचा, हाड कुणाचं?

बाळासोला फोन केला. "घे की सभा," म्हणाला. "पर ताई, त्या चौदा किलोचं काय?"

"हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"व्हय, व्हय. तत्त्व बी वजनदार असतंय."

लाइन कट झाली. यंत्रावर असताना त्याला जास्त बोलवत नाही.

२२ डिसेंबर

सकाळी रंकाळ्यावर चालायला गेले होते. बाकावर बसलेल्या दोन टोणग्यांतला एक म्हणाला, "धर, धर, भूकंप आला." मी तिथंच त्यांना असं झापलं की माणसं जमली. पण चालणं तिथंच संपलं. कुणाच्या करमणुकीसाठी मी चालणार नाही.

१२ जानेवारी २०२५

काय लिहू? किती लिहू?

सभा अशी झाली की वडगावात बऱ्याच दिवसांत झाली नसेल. मंडप भरून बाया बाहेर उभ्या होत्या. मी तक्ता हातात घेतला आणि सगळ्यांसमोर फाडला. "आमच्या आजीनं जात्यावर, आईनं विहिरीवर हाड कमावलं. ते काय गोऱ्यांच्या पट्टीनं मोजणार तुम्ही? म्हणा माझ्याबरोबर: आमचं हाड थोर!" मंडप दणाणला. बायडाबाई नावाची एक म्हातारी व्यासपीठावर चढून माझ्या गळ्यात पडली. "बाई, माझ्या मनातलं बोललासा!" मागच्या रांगांतल्या काही बाया तेवढ्या हात न हलवता बसून होत्या. सडपातळ असतील. त्यांना हे दुःख काय कळणार!

फोन पर्समध्ये बंद होता. परतताना गाडीत उघडला तर पूर्णिमाचे एकामागून एक फोन येऊन गेलेले. बाळासोच्या हातातल्या जोडलेल्या शिरेत रक्त गोठलं, संसर्ग झाला. ताप, थंडी. दवाखान्यात हलवलाय. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलंय.

सत्काराची शाल अंगावर तशीच, मी धावत पोहोचले. पूर्णिमा बाकावर बसली होती. उठली नाही.

"वन्सं, डॉक्टरीण चार म्हैनं म्हणली हुती. दोन गेलं. किती उतरलं?"

"हे बघ, प्रश्न एकट्या माझ्या वजनाचा नाही. उद्या प्रत्येक बाईला..."

"माझा तेवढाच हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "ह्यांनी तवा गोळी घेतली न्हाय, कारण तुमचं भाषण ऐकलं हुतं. आता तुमी बी भाषणच करत बसलायसा. मला तुमचं हाड नको, वन्सं. किडनी पायजे."

दमलेलं माणूस बोलून जातं, मी ते मनावर घेतलं नाही. तिला थंडी वाजत होती. मी शाल काढून तिच्या खांद्यावर घातली. तिनं ती उतरवली, घडी केली आणि माझ्या शेजारी ठेवली.

१५ जानेवारी

बाळासोचा ताप उतरेना. पूर्णिमा त्याच्याजवळ राहते, म्हणून आक्काला माझ्याकडं शाहूपुरीला आणलंय.

दुपारी भाकरी खाता खाता मी म्हटलं, "आक्का, एकदा चल माझ्याबरोबर डॉक्टरकडं. तूच सांग त्यांना, आपल्या घरात हाड थोर आहे म्हणून."

"व्हय तर! थोर न्हाय तर काय? शहाण्णव कुळीतलं घर आपलं. कुठं डाग न्हाय."

"ते नव्हे गं. हाड. अंगातलं हाड."

ती खायची थांबली. "अंगातलं?"

"झुंबरबाई आत्या म्हणाली होती ते. मला बघायला आले होते तेव्हा."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मला वाटलं मी पुन्हा इयत्ता पहिलीत आहे. "अगं खुळे, हाड म्हंजी कूळ. सोयरीक करताना हाड बघत्यात की. आत्या तेच म्हणली. पोरगी जाड हाय, पर कूळ उच्च हाय, तवा पदरात घ्या."

"म्हणजे आत्या मला जाडच म्हणाली?"

"तू जाडच हुतीस की! दोन-दोन वाट्या बासुंदी हाणायचीस. हाडानं मोठं तर घरात कोणच न्हवतं. तुझा बा आठवतोय न्हवं? काटकुळा. सायकलवर बसला की सायकलच दिसायची."

ती हसत हसत भाकरी खाऊ लागली. तिच्या दृष्टीनं विषय संपला.

मी बैठकीत जाऊन बसले. भिंतीभर पुस्तकं, कपाटभर स्मृतिचिन्हं. कुळाच्या माजावर मी जन्मभर आसूड ओढले. सोयरिकीत हाड बघणाऱ्यांना भर सभेत नागडं केलं. तो शब्द मला माहीत नव्हता असंही नाही, मी त्यावर लेख लिहिलाय! फक्त त्या एका वाक्यात मला तो दिसला नाही. कारण ते वाक्य माझ्याबद्दल होतं, आणि मला ते चांगलं हवं होतं.

गावोगावच्या हजारो बायकांकडून मी काय म्हणवून घेतलं? आमचं कूळ उच्च. मोठ्यानं. हात वर करून.

आणि वडगावच्या त्या मागच्या रांगा. त्या बायांना माझा शब्द नीट कळला होता. आत्याला जो अर्थ अभिप्रेत होता तोच त्यांच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या आदळत आलाय. त्या गप्प बसल्या, आणि मी त्यांना सडपातळ ठरवून मोकळी झाले.

१६ जानेवारी

दिवसभर काही खाल्लं नाही. निश्चय वगैरे नव्हता. गिळवेना.

२ फेब्रुवारी

डॉ. अस्मितांकडं गेले. "सुरू करायचंय," एवढंच म्हटलं. त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही, याबद्दल त्यांचे आभार.

दोन वेळा एकेक भाकरी, पालेभाजी, ताक. साखर बंद. सकाळ-संध्याकाळ चालणं. मी त्यांना विचारलं, "चालताना माणसं बोलतात. राग येतो, त्याचं काय करू?" त्या म्हणाल्या, "कमी करू नका, पाय लवकर उचलतात रागानं."

खरं आहे. बाकावरचे ते दोघं अजून तिथंच बसतात. मी त्यांच्यासमोरून रोज जाते.

बाळासो घरी आलाय. वजन त्याचंही घटलंय, पण त्याचं कुणी कौतुक करत नाही.

भाषणं बंद ठेवलीत. त्यामुळं संध्याकाळचा वेळ खायला उठतो आणि तोंड मोकळं राहतं. सभा संपल्यावर आयोजकांच्या घरी मी किती जेवत होते, हे आता त्या जेवणांशिवाय कळतंय.

९ मार्च

काल महिला दिन. सगळी आमंत्रणं नाकारली, पण मंडळात हजेरी लावावी लागली. आठ किलो उतरलेत. दारातच गराडा पडला.

"अगंबाई! मॅडम, कसल्या बारीक झालाय!"

"चेहऱ्यावर तेज आलंय बघा."

"कुठलं डाएट? आम्हाला बी सांगा की."

याच बायका. जानेवारीत ज्यांनी काट्याला शिव्या घातल्या, त्याच. एकीनंही विचारलं नाही, भाऊ कसा आहे.

स्वप्नालीनं मला बाजूला घेतलं. "मॅडम, खरं सांगा. सकाळी उठल्या उठल्या काय घेता?"

"अपमान," मी म्हटलं.

"कोमट पाण्यातनं का?"

मी हो म्हटलं.

४ मे

काटा अठ्ठ्याहत्तरवर थांबला. साखर उतरली. बाकीच्या तपासण्याही पार पडल्या. डॉ. अस्मितांनी उठून माझा हात हातात घेतला. "तुम्ही आता दाता म्हणून योग्य आहात."

माझ्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रियेचा दिवससुद्धा उभा राहिला. तेवढ्यात त्यांनी जाऊन दार लावून घेतलं, आणि मला कळलं, काहीतरी बिनसलंय.

मानेतल्या नळीवाटे एप्रिलात पुन्हा शिरलेला संसर्ग रक्तात पसरून बाळासोच्या हृदयाच्या झडपेपर्यंत गेला होता. हृदय अशक्त झालंय. कालच्या तपासणीत ते स्पष्ट दिसलं. "आत्ता त्यांना भूल सोसणार नाही. औषधं देऊ, दिवाळीच्या सुमारास पुन्हा बघू. पण मी शब्द देत नाही."

मी विचारलं, "चार महिन्यांत झाले असते चौदा किलो, तुम्ही म्हणाला होता तसे, तर?"

"तसं नेमकं सांगता येत नाही, मॅडम."

सांगता येतं. त्या सांगत नाहीत, एवढंच. पहिल्यांदाच कुणी माझ्यापुढं मुद्दाम वाद हरत होतं आणि मला तो जिंकून दाखवायचा नव्हता.

११ मे

हुपरीला गेले. बाळासो उशीला टेकून बसला होता. मी आत शिरले तसा मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "आक्का, पावणं आल्यात बघ कोण! वळखीचं वाटत्यात."

"चेष्टा पुरे. मूत्रपिंड तयार आहे."

"मग ठेव की जपून. फ्रिजात तर ठेवलं न्हाईस न्हवं?"

"बाळू, मी उशीर केला."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "मी कुठं लवकर केला? नर्सबाई सांगत हुती तवा गोळी मीच न्हाय घेतली. तू काय माझं तोंड धरलं हुतंस?" मग पुन्हा त्याचा तो हलका आवाज. "एक कर ताई. आता परत फुगू नको. न्हायतर मी बरा व्हायचो आणि तुझी पंचाईत व्हायची."

तो मला वाचवत होता. आजारी माणसाकडून वाचवून घ्यायची वेळ माझ्यावर यावी! मी म्हटलं, नाही फुगत.

जेवताना पूर्णिमानं माझ्या ताटात एक भाकरी वाढली आणि टोपली झाकून ठेवली. जेवण झाल्यावर तिनं कपाटावरून रक्तदाब मोजायचं यंत्र काढलं आणि आक्काच्या दंडाला पट्टा बांधला. "आक्कांचं बी वाढलंय. परवा कळलं. गोळी चालू केलीया." गल्लीतल्या बायकाही येतात तिच्याकडं, म्हणाली. मागच्या आठवड्यात दोघींचं इतकं निघालं की तिनं त्यांना घरी न जाऊ देता तशाच डॉक्टरकडं नेलं.

मी सांगितलं, वडगावच्या बायकांनी पुन्हा बोलावलंय. त्यांना ऐकायचंय, मी चौदा किलो कसे उतरवले.

यंत्राचा पट्टा गुंडाळता गुंडाळता तिनं विचारलं, "जाणार?"

"काय बोलू तेच कळेना."

"जावा," ती म्हणाली. "मी बी येती. पर यंत्र घिऊन."

जानेवारीनंतर ती स्वतःहून माझ्याबरोबर यायचं पहिल्यांदाच म्हणाली. तिनं मला माफ केलेलं नाही. करावं असं मी म्हणत नाही.

१७ मे

उद्याचं भाषण. टिपणाशिवाय बोलणारी मी, पण हे लिहून नेते. वाटेत बदलायचा मोह होईल.

पेठ वडगावच्या बहिणींनो, आणि विशेषतः मागच्या रांगांत बसलेल्या बहिणींनो,

जानेवारीत इथंच उभी राहून मी तुम्हाला एक वाक्य म्हणायला लावलं होतं. ज्यांनी ते म्हटलं त्यांच्याकडून ते परत मागायला आलेय. ज्या तेव्हा गप्प बसल्या, त्यांना सांगायला आलेय की तुमचं गप्प बसणं बरोबर होतं. हाड थोर म्हणजे काय हे तुम्हाला माझ्यापेक्षा आधी कळलं होतं. कुळाचा माज मी अंगाच्या मापाचा म्हणून विकला, आणि तुमच्यापुढं विकला.

दुसरं. आपल्या देहाला हसायचा हक्क कुणाला नाही, यातला एक शब्द मी मागं घेत नाही. रिक्षावाल्यानं हसू नये, नवऱ्यानं हसू नये, सासूनं हसू नये. हसला तर तिथंच जाब विचारा. पण हसणाऱ्याला उत्तर द्यायचं म्हणून मी हाडाचा आधार घेतला, आणि तेच उत्तर पुढं डॉक्टरलाही दिलं. तिथं चुकलं. हसणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा. मोठ्यातल्या मोठ्या बांध्यानं चार किलोंचा फरक पडतो. बाकीचं जे आहे ते आपल्याबरोबर जेवलेलं आहे, बसून राहिलेलं आहे, कुणाचं आजारपण आहे, कुणाचं बाळंतपण आहे, कुणाच्या औषधाचं आहे. त्याची लाज नको. त्याला खोटं नावही नको.

मी चौदा किलो कसे उतरवले, ते तुम्हाला ऐकायचंय. सांगत नाही. ते ज्याच्यासाठी उतरवले त्याच्या ते कामी आले नाहीत.

हुपरीतल्या एका माणसाला नर्सनं वेळेत सांगितलं होतं, गोळी सुरू करा. त्यानं तिला सांगितलं, आमचं हाड थोर आहे. त्याला ते कुणी शिकवलं, हे विचारू नका. मी सांगेन, पण मग पुढचं बोलता यायचं नाही.

त्या माणसाची बायको आज इथं आलीय. दाराशी टेबल लावून बसलीय, यंत्र घेऊन. भाषण संपलंय. टाळ्या वाजवू नका. उठा, तिच्यापुढं रांग लावा आणि दंड पुढं करा.